मृत्यूसमयी हजर

सबीना स्कॅहिल गेल्याचं सबीना स्कॅहिलनं मंगळवारी सकाळी पावणेनऊला वाचलं. बस फिब्सबरोच्या चौकात सिग्नलला थांबली होती, काचेवर बारीक भुरभुर चिकटली होती आणि ती रोजच्यासारखी फोनवर मृत्यूच्या बातम्या चाळत होती. अर्धं डब्लिन सकाळच्या चहाबरोबर हेच करतं. तिला तर ते कामाचंच होतं. ती औषधांच्या दुकानात औषधं बांधायची, आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांपैकी कुणाची आठवड्याची पाकिटं आता बांधायची नाहीत हे दुकान उघडण्याआधी ठाऊक असलेलं बरं पडायचं. अंगठा सवयीनं वर सरकत होता आणि मधेच तिचं नाव आलं. सबीना स्कॅहिल, नॉकरो, काउंटी मेयो. अल्प आजारानं, घरच्यांच्या सोबतीत, शांतपणे. आईवडील थॅडी आणि डीलिया आधीच दिवंगत. मागे भाऊ माइल्स, पुतणी कार्मेल, नातलग, शेजारी. अंत्यदर्शन उद्या बुधवारी चार ते सात, अंत्यविधी गुरुवारी. तिनं ते वाचलं आणि पहिल्यांदा तिला, का कुणास ठाऊक, हसू आलं. सत्तावन्न वर्षांत या नावाची दुसरी बाई तिला भेटली नव्हती, आणि भेटली ती अशी. मग बस सुटली, पुढच्या दांडीवर तिचा गुडघा आपटला आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात बाकीची नावं शिरली. थॅडी. माइल्स. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

थॅडी हे नाव त्यांच्या घरात शनिवारी संध्याकाळी निघायचं. बाबा, म्हणजे ऑस्टिन स्कॅहिल, रविवारच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांचे बूट घासायला बसायचे. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर तीन जोड, पॉलिशच्या डबीचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. हात चालू असताना बाबा कधी कधी बोलायचे, एरवी नाही. "थॅडीनं माझ्या बापाला घराबाहेर काढलं. सगळं रान एकट्यानं गिळलं. बाप इथे गोदीत ओझी वाहून खोकत मेला, तेव्हा खोलीत चिटपाखरू नव्हतं." असं म्हणून ते बुटावर थुंकायचे आणि आणखी जोरात घासायचे. थॅडी म्हणजे आजोबांचा, माइल्सचा, थोरला भाऊ. गाव कुठलं, असं तिनं एकदा विचारलं, तर "मेयो" एवढंच उत्तर आलं. मेयो म्हणजे केवढा मुलूख, तिथे स्कॅहिल पैशाला पासरी. "पण त्यात आपलं कुणी नाही," बाबा म्हणाले. "माझ्या बापाच्या आईचं नाव सबीना, म्हणून तुझं नाव सबीना. एवढंच त्यांच्याकडून घेतलंय. आपण तिघंच." आणि तिघंच ते होते. पुढे आई गेली, बाबाही गेले, तिचं लग्न झालंच नाही, आणि तिघंच या शब्दातून एकेक माणूस कमी होत एकटी उरली. त्याचं तिला फार दुःख होतं असंही नाही. सवय झाली होती. पण आता त्या चार ओळींत त्या भावांची नावं शेजारी शेजारी उभी होती, थॅडी आणि माइल्स, आणि त्यांतला माइल्स थॅडीचा मुलगा होता. ज्याला घराबाहेर काढलं त्याचं नाव कुणी आपल्या पोराला ठेवतं का? तिचा स्टॉप मागे गेला. तिला तो दिसला, त्यावरची काळी छत्री धरलेली बाईही दिसली, पण उठायचं सुचलं नाही.

दुकानात गोरेटी मीहान काउंटरमागे पेट्या फोडत होती. बावीस वर्षं दोघी शेजारी उभ्या राहून गोळ्या मोजत होत्या. सबीनानं फोन तिच्यापुढे धरला.

"अगं बाई," गोरेटी म्हणाली. "तू तर गेलीस. आणि वर उशिरा आलीस."

"पुढचं वाच. वडील थॅडी, भाऊ माइल्स."

गोरेटीनं चष्मा खाली ओढून वाचलं. "तुझ्या बाबांचा तो थॅडी?"

"असेलच असं नाही. तिकडे दर दुसऱ्या घरात थॅडी असेल."

"आणि दर दुसऱ्या घरात सबीना? चल, काहीतरीच. शोध की मग. सगळं फुकट आहे आता, संगणकावर. माझ्या नणंदेनं सात पिढ्या शोधल्या. सात पिढ्या आणि एकही शहाणा माणूस नाही."

दुपारच्या सुट्टीत ती मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांमध्ये बसली. सँडविचचा एक घास तोंडात, समोर दुकानाचा जुना संगणक. तिनं आधी १९११ची शिरगणती उघडली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री या देशात कोण कुठे झोपलं होतं ते सगळं तिथे घरोघरच्या कागदांसकट पडलेलं होतं, आणि इतकी वर्षं बसमध्ये फोन हातात असून तिनं ते कधी उघडलं नव्हतं. आडनाव स्कॅहिल, काउंटी मेयो. खंडीभर नावं आली. तिनं नॉकरो शोधलं, तर मेयोत नॉकरो दहा-बारा निघाली. नॉकरो म्हणजे तांबडी टेकडी, आणि टेकड्यांना तिकडे काय तोटा. ती एकेक गाव उघडून बघू लागली. घास गिळायचा राहिला. पाचव्या नॉकरोत, घर क्रमांक तीन. पॅट्रिक स्कॅहिल, कुटुंबप्रमुख, वय एक्कावन्न, शेतकरी. सबीना स्कॅहिल, पत्नी, चव्वेचाळीस. थॅडी, मुलगा, सोळा. ऑनर, मुलगी, चौदा. माइल्स, मुलगा, बारा. ब्रिजेट, मुलगी, आठ. तिनं मूळ कागदाचं चित्र उघडलं. ते हळूहळू वरून खाली उलगडत आलं, कुणी गालिचा पसरावा तसं, आणि त्यातलं अक्षर बघताच तिचा हात तोंडावर गेला. डॉक्टरांची नाना तऱ्हेची चिठ्ठ्यांवरची अक्षरं वाचण्यात तिची हयात गेली होती, अक्षरावरून ती माणूस ओळखायची. हे अक्षर शेत नांगरणाऱ्या माणसाचं होतं. पेन घट्ट धरलेलं, प्रत्येक शब्दाच्या शेवटी शाई साचलेली, आणि माइल्समधला स ओळीबाहेर गेलेला, जणू लिहिताना कुणी कोपराला धक्का दिला असावा. कुणी दिला असेल? बारा वर्षांच्या माइल्सनंच, डोकावून बघताना. हे तिनं उगाच ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला त्या स्वयंपाकघरातला दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या सरपणाचा धूरसुद्धा जाणवला. तसलं सरपण तिनं आयुष्यात कधी जाळलं नव्हतं.

कागदाच्या एका रकान्यात लग्न झालेल्या बायकांना विचारलेलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, त्यांतली किती जिवंत आहेत. अठरा. सहा. चार. तिनं नावं मोजली, चारच होती. कुठल्याही डॉक्टरनं, कुठल्याही पाद्र्यानं कधी विचारलं नसेल असा प्रश्न सरकारच्या कागदानं त्या बाईला विचारला होता आणि तिनं नवऱ्याला उत्तर सांगितलं होतं. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं, पुढच्या रकान्यात तसं लिहिलंच होतं. त्याच्याही पुढे भाषा. आईवडिलांसमोर आयरिश आणि इंग्रजी. मुलांसमोर काहीच नाही, मुलांना फक्त इंग्रजी येत होतं. एकाच चुलीभोवती बसलेल्या माणसांत ही रेघ. रागावली की ही आपल्या नावाची बाई आयरिशमध्ये बोलत असेल आणि पोरांना कळत नसेल, असं वाटून सबीना पुन्हा हसली, या वेळी मोठ्यानं. गोरेटीनं दारातून डोकं आत घातलं.

"काय गं, वेड लागलं का?"

"माझी पणजी सापडली. बहुतेक."

"बहुतेक पणजी म्हणजे काय? पणजी असते नाहीतर नसते."

तिथेच तर घोडं अडलं होतं. ही माणसं आपली असतील; नसतीलही. मेयोतल्या त्या घरात एक बारा वर्षांचा माइल्स होता, आणि डब्लिनच्या गोदीत एक माइल्स खोकत मेला, पण या दोघांना जोडणारा धागा कुठे होता? बाबांनी गाव सांगितलं असतं तर. की त्यांनाही ठाऊक नव्हतं? बाप गेला तेव्हा सहा वर्षांचं पोर, ते काय विचारणार आणि कुणाला. ती दुपारभर काउंटरवर उभी राहून रक्तदाबाच्या गोळ्या मोजत राहिली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यात तिला काहीतरी दिसत राहिलं. भुवया, हनुवटी. दमेकरी मिस्टर लोफ्टसना तिनं विचारलंही, तुमचं मूळ गाव कुठलं, तर ते अर्धा तास सांगत बसले आणि मागे रांग लागली. तिला एरवी रांगेचा त्रास व्हायचा. आज नाही झाला. अंगात एक बारीक ताप असावा तसं वाटत होतं, पण सुखाचा, लहानपणी उद्या समुद्रावर जायचंय म्हटल्यावर यायचा तसला.

घरी जाऊन तिनं कोटही न काढता जन्म-मृत्यू-लग्नांच्या सरकारी नोंदी उघडल्या. तिथे आधी आपलं नाव लिहावं लागायचं आणि आपण यंत्र नसल्याची खूण करावी लागायची. तिनं खूण केली. मृत्यू, माइल्स स्कॅहिल, डब्लिन, १९३८. काही सापडलं नाही. १९३७. नाही. १९३९. नाही. तिनं सगळा देश आणि वीस वर्षांचा पट्टा घेऊन पाहिला. त्या नावाचा एक माणूस निघाला, पण तो ऐंशी वर्षांचा होता आणि मेयोतच गेला होता. तिनं चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला. आता मनात एक अस्वस्थ चुळबुळ सुरू झाली. बाबांनी सांगितलेला माणूस कागदावर मेलेलाच नव्हता. मग तो मेला कुठे? मेला का? तो घर सोडून कुठे इंग्लंडला पळाला असेल आणि आजीनं पोराची समजूत घातली असेल. अशा गोष्टी काय कमी झाल्या या शहरात. आणि आपण हे उकरतोय ते बाबांना चाललं असतं का? बूट घासणारे त्यांचे हात तिच्या डोळ्यांसमोर आले आणि ते थांबलेले होते. ते वर बघत नव्हते. तिला वाटलं, बंद करावं. उद्या दुकानात जावं, गोरेटीला सांगावं, नव्हती गं आपली. मेयोतल्या त्या बाईला तिची माणसं पोचवतील. पण बोटं ऐकेनात. बोटांना चिठ्ठीवरचा शब्द लागेपर्यंत चैन पडत नसे, तिची तशी घडणच होती. आणि चिठ्ठीवरचा शब्द लागत नसेल तर ती काय करायची? शब्द बरोबर लिहिलाय असं धरून चालायची नाही. डॉक्टर एखादं अक्षर खातात. कारकूनही माणूसच की.

स्कॅहिलमधलं पहिलं अक्षर तिनं काढून टाकलं. कॅहिल उरलं. माइल्स कॅहिल, डब्लिन, १९३८. एक नोंद आली.

पानावर दहा मृत्यू होते. एकाखाली एक, दहा माणसं, एकाच लफ्फेदार हातानं उतरवलेली, आणि सातव्या ओळीत तिचे आजोबा. चौदा मे १९३८, नॉर्थ स्ट्रँडमागच्या गल्लीतलं घर, मागची खोली. माइल्स कॅहिल, पुरुष, विवाहित, एकोणचाळीस वर्षं, गोदी कामगार. कारणाचा शब्द तिला लगेच लागला, क्षयाचं जुनं नाव होतं ते, दुकानातल्या जुन्या पुस्तकात असायचं. पत्ता बाबांच्या तोंडून तिनं शंभरदा ऐकला होता. हेच ते. तिनं श्वास सोडला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुढचा एक रकाना वाचायचा राहिलाय. मृत्यूची खबर कुणी दिली, त्याचं नाव, नातं आणि पत्ता. तिनं चित्र मोठं केलं. अक्षरं फुगून धुरकट झाली, पुन्हा लहान केलं. मग खुर्ची मागे सरकवून ती उभीच राहिली आणि उभ्यानं वाचलं. थॅडी कॅहिल, भाऊ, मृत्यूसमयी हजर, नॉकरो, काउंटी मेयो.

स्वयंपाकघरात ती गोल गोल चालत राहिली. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत, कोट अजून अंगावर. तो आला होता. चिटपाखरू नव्हतं म्हणतात त्या खोलीत तो बसलेला होता. भावाचा शेवटचा श्वास त्यानं ऐकला होता, मग टोपी घालून कचेरीत गेला होता आणि कारकुनाला नाव सांगितलं होतं. त्याच्या मेयोच्या बोलीत ते पहिलं अक्षर कारकुनाच्या कानावर पडलं नसेल, किंवा कारकुनाला घाई असेल, किंवा थॅडीचा आवाज फुटला असेल. सत्त्याऐंशी वर्षं ते अक्षर तिथे गळलेलं राहिलं आणि म्हणून कुणाला काही सापडलं नाही. पण कुणी शोधलंच कुठे होतं? बाबांच्या अंगात तो राग मुरला, लोणच्यासारखा, आणि त्यांच्या मागून तिच्यात. थॅडी नावाच्या माणसाचा तिनं लहानपणी चेहरा करून ठेवला होता, पातळ ओठ, मोठाले कान. आता त्या चेहऱ्याला काय करायचं ते तिला समजेना. तो माणूस खाटेशेजारी बसला होता, आणि कान तर मोठे असणारच, तिचे स्वतःचेही होते. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते भलतंच, आनंदाची एक लाट, इतकी की तिनं ओट्याची कड धरली. बाबा, तो आला होता, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि मग गोरेटीला फोन लावला.

"उद्या मी येत नाही. मला मेयोला जायचंय. एक मर्तिक आहे."

"कुणाचं?"

"माझ्या आत्याचं," सबीना म्हणाली, आणि त्या शब्दाला तोंडात बसायला थोडा वेळ लागला. सत्तावन्न वर्षांत तिनं तो वापरला नव्हता.

बुधवारी दुपारच्या गाडीत तिनं काळा कोट घातला होता आणि पिशवीत त्या नोंदीच्या दोन छापील प्रती होत्या. शॅनन नदी ओलांडली तशी शेतं बारीक होत गेली, दगडांच्या भिंती वाढल्या, पिवळी काटेरी झुडपं उतारावर पेटल्यासारखी दिसू लागली. ती आळीपाळीनं खिडकीबाहेर आणि कागदाकडे बघत होती. मधेच उत्साह एकदम उतरायचा. कोण म्हणून जायचं? त्यांच्या घरी दुःख, आणि आपण कागद घेऊन दारात, वसुलीला आल्यासारखं. शिवाय आपल्या बाबांनी त्यांच्या बापाला जन्मभर शिव्या दिल्या, हे सांगायचं की नाही? तिनं ठरवलं, फक्त हात मिळवायचा, बाईचा चेहरा बघायचा, आणि सातच्या गाडीनं परत. कुणाला काही सांगायचं नाही. असं ठरवल्यावर ती पुन्हा कागद काढून वाचायची आणि हजर या शब्दावर आली की पुन्हा ती लाट.

शव दर्शनाला ठेवतात ते अंत्यगृह स्टेशनपासून पायी पाच मिनिटांवर होतं. दाराबाहेर माणसं हळू आवाजात गुरांच्या बाजाराबद्दल बोलत होती. आत शिरताच एका मेजावर भेट देणाऱ्यांची वही होती, शेजारी काळ्या कपड्यातली पन्नाशीची बाई, नाकाडोळ्यानं ठसठशीत. सबीनानं पेन घेतलं आणि नाव लिहिलं. ती बाई वाकून बघत होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "इथे आपलं नाव लिहायचं. गेलेल्या माणसाचं नाही."

"आपलंच लिहिलंय."

बाईनं वहीकडे पाहिलं, मग आत शवपेटीकडे, मग सबीनाच्या तोंडाकडे, आणि तिची मान जराशी कलली. "थट्टा करताय का? माझ्या आत्याला जाऊन दोन दिवस नाही झाले."

"थट्टा नाही हो. मी डब्लिनची. माझे वडील ऑस्टिन. त्यांचे वडील माइल्स, नॉकरोचे." ठरवलेलं सगळं तिच्या तोंडून सटासट निघून गेलं. तिनं पिशवीतून कागद काढला आणि मेजावर ठेवला. बाईनं तो वाचला. वाचायला फार वेळ लावला. मग तिनं सबीनाचा कोपर धरला, जरा जोरातच, आणि म्हणाली, "मी कार्मेल. या. आधी बाबांना भेटा, नाहीतर ते मला जिवंत ठेवायचे नाहीत."

माइल्स स्कॅहिल भिंतीलगतच्या खुर्च्यांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसला होता. पंच्याऐंशीचा म्हातारा, काठीच्या मुठीवर दोन्ही हात, नुकतीच खरडून केलेली दाढी, हनुवटीवर कापल्याचा लाल ठिपका. कान मोठे होते. कार्मेलनं वाकून त्याच्या कानात सांगितलं, दोनदा, आणि तोवर सबीना बाजूला पेटीकडे बघत उभी राहिली. आत पांढऱ्या केसांची लहानखुरी बाई, बोटांत जपमाळ, ओठ मिटलेले पण हसण्याच्या बेतात. तिला स्वतःला म्हातारपणी असं दिसायला चाललं असतं.

"ऑस्टिनची पोर?" म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज खोलीच्या मानानं मोठा होता आणि दोन-तीन डोकी वळली. "ऑस्टिन आहे का?"

"नाही हो. अकरा वर्षं झाली."

"हं." त्यानं शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. ती बसली. तिचा हात त्यानं आपल्या हाताखाली काठीच्या मुठीवर ठेवला. "माझ्या बाबानं, थॅडीनं, मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं. ऑस्टिन आता किती वर्षांचा झाला असेल, ऑस्टिनचं लग्न झालं असेल. मला वैताग यायचा. मी समोर उभा असायचो आणि याला तो डब्लिनचा हवा."

"पण मग आले का नाही कधी?" तिनं विचारलं. विचारताना तिचा आवाज बाबांसारखा झाला होता. "माझे वडील म्हणायचे, थॅडीनं भावाला घराबाहेर काढलं."

"काढलं? कुणी काढलं? दोघं भाऊ आणि रान केवढं, तर एका कुटुंबाचं पोट कसंबसं भरेल एवढं. तुझा आजा माइल्सच म्हणाला, मी जातो, मला डब्लिन बघायचंय. मग तो आजारी पडल्याची चिठ्ठी आली. बाबाचं नुकतंच लग्न झालेलं, आई पोटुशी, ही सबीनाच होती पोटात. तरी गेला. अकरा दिवस बसला भावापाशी. आणि शेवटी घोटाळा केला." म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर हलकेच आपटली. "खोलीत क्षय, पोर सहा वर्षांचं. त्याला वाटलं पोराला मेयोला न्यावं, मोकळ्या हवेत. बरोबरच होतं त्याचं. पण बोलला कधी, तर प्रेत अजून खोलीत असताना. तुझी आजी उसळली. नवरा गेला आणि आता पोरही न्यायला निघालात, म्हणाली. दार दाखवलं. पुढे दोनदा गेला तो डब्लिनला, दार उघडलं नाही तिनं. बाबा म्हणायचा, चूक माझीच, दोन दिवस तोंड धरून बसलो असतो तर."

सबीना ऐकत होती आणि तिच्या आत नॉर्थ स्ट्रँडमागची ती खोली हळूहळू माणसांनी भरत होती. आजी, जी तिला फक्त एका फोटोतून माहीत होती, ओठ आवळलेली. दारात टोपी हातात घेतलेला थॅडी. आणि खाटेखाली की दारामागे ते सहा वर्षांचं पोर, ज्याला यातलं काहीही कुणी सांगितलं नाही. आजीचा तरी तिला राग यावा, पण येईना. एकटी बाई, एकच मूल. घाबरली होती ती. घाबरलेली माणसं गोष्टी रचतात आणि मग त्या गोष्टींना घरात वाढवतात.

"बदक तरी पोचायचं ना?" म्हातारा मधेच म्हणाला.

"कसलं बदक?"

"नाताळचं. बाबा दर वर्षी आमचं मोठं बदक मारून, गोणपाटात शिवून पोस्टानं डब्लिनला पाठवायचा. नाव न घालता. आई करवादायची, ती बया फेकून देत असेल. बाबा म्हणायचा, परत येत नाही ना, म्हणजे कुणीतरी खातंय."

आणि तेव्हा सबीनाला आठवलं, बाबा नाताळच्या जेवणावर बसून कित्येकदा सांगायचे, की लहानपणी आमच्याकडे दर नाताळला केवढं तरी बदक यायचं, पिसांसकट. गोदीच्या मुकादमानं पाठवलंय, त्यांची आई म्हणायची. भला माणूस तो मुकादम, कधी तोंडही न बघितलेल्या विधवेला विसरला नाही. त्या मुकादमासाठी बाबा जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचे. सत्तर-पंचाहत्तर वर्षं केली त्यांनी ती. सबीनानं हे म्हाताऱ्याला सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर तिला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आणि खांदे हलताहेत, मर्तिकाच्या खोलीत, पेटीपासून चार हातांवर. म्हातारा आधी नुसता बघत राहिला. मग त्याला कळलं, आणि त्याचंही पोट हलायला लागलं. "मुकादम," तो म्हणाला. "बाबाला सांगायला हवं होतं हे." कार्मेल दुरून डोळे वटारत होती.

सहाच्या सुमाराला गर्दी वाढली. दारातून माणसांची रांग आत येऊ लागली, कामावरून थेट आलेले, बुटांना शेतातली माती लागलेले, शाळेतल्या बाया, दोन नन. रांग पेटीपाशी क्षणभर थांबायची आणि मग खुर्च्यांवरच्या घरच्यांचे हात हातात घेत पुढे सरकायची. सबीना उठली. तिची गाडी सातची होती, आणि ही जागा घरच्यांची होती.

"कुठे चाललीस?" म्हातारा म्हणाला.

"बाजूला उभी राहते. लोक येताहेत."

"लोक येतात म्हणूनच बसायचं असतं. बस खाली. कार्मेल, हिला तुझ्या आणि माझ्या मधे घे. आणि आज हिची गाडीबिडी काही नाही, उद्या अंत्यविधी आहे."

कार्मेल एक खुर्ची पलीकडे सरकली. सबीना बसली. कोटाचं वरचं बटण तिनं उघडलं, मग हात कुठे ठेवावेत ते न कळून मांडीवर ठेवले. पहिला हात आला, गार आणि खरखरीत; वाईट झालं, तो माणूस म्हणाला. मग दुसरा. तिसऱ्या बाईनं तिचा हात दोन्ही हातांत धरून सबीनाच्या स्वयंपाकाचं कौतुक केलं, कुठल्या सबीनाच्या ते सांगायची गरज तिला वाटली नाही. हात येत राहिले. दहा, वीस. ती प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून मान हलवू लागली, शेजारी म्हातारा करत होता तशीच. मग एक वाकलेला शेतकरी आला, त्यानं म्हाताऱ्याचा हात हलवला, तिचा हात घेतला आणि पुढे सरकण्याऐवजी थांबला. तिच्या चेहऱ्याकडे तो निरखून बघू लागला. मागे रांग खोळंबली.

"तू कुणाची गं?" त्यानं विचारलं.

म्हातारा उत्तर द्यायला वळला होता, पण ती आधी बोलली. "माइल्सच्या ऑस्टिनची."

"कुठला माइल्स?"

"डब्लिनला गेलेला. थॅडीचा भाऊ."

शेतकऱ्यानं थोडा विचार केला. मग त्याची मान सावकाश वर-खाली झाली, जणू गुरांचा कळप मोजून आकडा बरोबर आला असावा. "हां," तो म्हणाला, "आता दिसतंय," आणि तिचा हात सोडून कार्मेलकडे सरकला.